रूथबाईंची पेटी

पडदा वर जातो तेव्हा घाटकोपरच्या प्रार्थनामंदिराचं अंगण दिसतं. सतरंजी, पेटी आणि पेटीमागे ताठ बसलेल्या रूथबाई साळवे. साल एकोणीसशे चोपन्न. येशूची कथा कीर्तनातून वस्त्यावस्त्यांत सांगणारी त्यांची मंडळी आज फुटायला निघाली होती.

"बाई, मी वाकोल्यात नवी मंडळी काढतोय. चला तुम्ही," तरुण शमुवेल म्हणाला.

"माझ्यामागे उभा राहून, झील धरून गायला शिकलास रे!" म्हातारे कीर्तनकार तात्या गरजले. "रूथ कुठे जात नाही."

तात्यांचा आवाज थकला तशी रूथबाईंनी चार वर्षं गुपचूप पदांची पट्टी उतरवत आणली होती. तात्यांची अब्रू राहिली, पण त्या खालच्या सुरात शमुवेलचा गळा कोंडला. चूक आपलीच, हे त्यांना कळत होतं.

"तात्या, पद म्हणा," म्हणत त्यांनी थेट काळी चारची जुनी, उंच पट्टी धरली. दुसऱ्याच ओळीला तात्यांचा सूर फाटला. शमुवेलनं मागूनच पद उचललं आणि झकास पेललं, पण गुरूच्या पुढे पाऊल टाकलं नाही. तात्यांचे डोळे भरून आले.

रूथबाईंनी भाता थांबवला. "आख्यान तात्या सांगतील, पदं शमुवेल गाईल. ज्याला पटत नसेल त्यानं स्वतः पेटी वाजवावी."