पाहुणा उठवा!

दिगूभावजी गेल्याचं पुतण्यानं नांदेडहून फोनवर सांगितलं. तव्यावर भाकरी होती. ती भाजली, मग बसले. रडू आलं नाही. महिना होत आला, अजून आलेलं नाही.

ते माझे धाकटे दीर. निजामाच्या शेवटच्या वर्षांत नांदेडात स्टेशनजवळ आमची खानावळ होती. आत सासूबाई आणि मी ताटं मांडून ठेवायचो, बाहेर भावजी वाढायचे. कुणाला काय नको ते दारातून ओरडायचे, पण स्वतःच्या भाषेत. ठेचा म्हणजे सासू, लसणाची चटणी म्हणजे नणंद, कांदा म्हणजे पाहुणा. “एक ताट, सासू घराबाहेर!” म्हटलं की गिऱ्हाईक हसायचं. सासूबाई आतून म्हणायच्या, “मेल्या, खातोस कुणाच्या हातचं?” “पाहुणा उठवा!” आलं की मी ताटातली कांद्याची फोड पितळी वाटीत काढायची. सगळ्यांच्या नंतर भावजी ती वाटी घेऊन जेवायला बसायचे. “लोकांना नको ते मला,” म्हणायचे.

पटकीनं माझा नवरा दोन दिवसांत गेला. मी सतरा वर्षांची. तेरावा झाल्यावर सासूबाईंनी माझ्या ताटातला कांदा काढला. विधवेनं कांदा-लसूण खायचा नाही, आमच्यात तसंच होतं. दिवसभर चिरायचा मात्र मीच. मी भावजींकडे बघितलं. साऱ्या स्टेशनला हसवणारा माणूस... ‘खाऊ दे तिला,’ एवढंच म्हणायचं होतं. त्यांनी मान वर केली नाही. माझी फोड वाटीत गेली, आणि ती त्यांनी खाल्ली. वर्षभरात मला लातूरला माहेरी धाडलं. मी इथंच राहिले.

गेल्या दिवाळीनंतर ते काठी टेकत लातूरला आले. पिशवीतून तीच वाटी काढून माझ्यापुढं ठेवली. जेवायला बसलो तेव्हा आपल्या ताटातली फोड माझ्या ताटात टाकली.

“खा, वहिनी. आता कोण बघायलंय?”

“तेव्हा तोंड कुठं गेलं होतं?”

“आईला भ्यायलो होतो.”

“लई उशीर केलात, भावजी.”

“हाव... केला.”

मी फोड उचलून वाटीत टाकली. खाल्ली असती तर त्यांचं मन हलकं झालं असतं. मला ते कळत होतं, म्हणूनच खाल्ली नाही. या खेपेला त्यांनीही ती खाल्ली नाही.

वाटी इथंच राहिली. काल कांदा चिरून तिच्यात ठेवला, शेजारी ताट घेऊन बसले. जेवण झालं, ताट घासलं. वाटीत फोड तशीच होती.