गढीसमोरचा रस्ता

गढीच्या सज्जात दुपारचा चहा घेत बसलो होतो. जहागीरदारांच्या या जुन्या घरात आता पाहुण्यांना खोल्या मिळतात. खालच्या रस्त्याने डोक्यावर गवताचा भारा घेतलेला एक म्हातारा आला. दरवाजासमोर येताच त्याने चपला काढून हातात घेतल्या आणि गढी ओलांडेपर्यंत तो अनवाणी चालला. अशा प्रथांविरुद्ध मी अनेक वर्षे लिहिले आहे. तरी वरून ते दृश्य मला आवडले, हे नोंदवायला हवे.

दुसऱ्या दुपारी मी खाली जाऊन त्याला थांबवले.

"बाबा, जहागीरदार आता इथं राहत नाहीत. चपला कशाला काढता?"

"तुम्ही बसताय की वर," तो हसून म्हणाला. "गढी रिकामी कुठं हाय?"

ही रीत कधीपासूनची, गावात अजून कोण पाळते, मी विचारत गेलो. बातमीदाराचे प्रश्न लवकर संपत नाहीत. तो प्रत्येकाचे नीट उत्तर देत होता. बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आले, की तो सारखा पाय बदलत उभा आहे. डांबर चांगलेच तापले होते. मी बुटांत होतो, आणि मी जा म्हणेपर्यंत तो हलणार नव्हता.