चौथ्या दिवसाचा दर

सई आणि केदार,

गेल्या रविवारी सईने फोनवर विचारलं, "आजी, आजोबांच्या औषधाने कोणी मेलं होतं का?" मी म्हणाले, आवाज नीट येत नाही, आणि फोन ठेवला. आवाज नीट येत होता. आजोबांना जाऊन त्या दिवशी पाच आठवडे झाले होते. सईने हे कुठे ऐकलं तेही मला ठाऊक आहे. तेराव्याला तिकडे परदेशात तुम्हाला सगळं दिसावं म्हणून फोन कपाटाला टेकवून ठेवला होता, आणि त्याच्यासमोर बसून दारव्ह्याचे एक जुने नातेवाईक म्हणाले, "माणूस लाखात एक होता. ते एक पोरीचं सोडलं तर." मी पंगतीत ताक वाढत राहिले. जे चारचौघांत बोललं गेलं ते चारचौघांतच दुरुस्त करावं, म्हणून हे तुम्हाला नुसतं पत्राने न पाठवता वर्तमानपत्राच्या पुरवणीत छापायला देते आहे.

ते गेले तेव्हा मी शेजारच्या खोलीत त्यांच्या औषधांचा तक्ता भरत होते. दुपारची गोळी दिली अशी खूण केली, पाण्याचा पेला भरला आणि आत गेले, तर... त्या तक्त्यात ती गोळी दिलेलीच आहे. माझी सवय तशीच. आधी कागद पुरा करायचा, मग काम.

छप्पन साली, विदर्भ मुंबई राज्यात गेला त्या वर्षी, आमचं लग्न झालं. मी नागपूरला मिशनच्या शाळेत शिकलेली, इंटरपर्यंत गेलेली, वर्षभर मुलींना इंग्रजी शिकवलेली. ते सातवी पास, शेतकी खात्याच्या उंदीर मारणाऱ्या फिरत्या पथकात. मारलेल्या उंदरांचे आकडे वरच्यांना हवेत तसे भरायचे, यावरून साहेबाशी वाजलं आणि त्यांनी नोकरी सोडली. दारव्ह्याला दोन खोल्या घेऊन स्वतःची कामं धरायला लागले. गिऱ्हाईक म्हणजे नगरपालिका, ग्रामपंचायती, सरकारी शाळा. बहुतेक कामं उंदरांची. मधूनच टाकीवरचं आग्या मोहोळ, नाहीतर वांदरांचा कळप.

दर ठरवायची त्यांची रीत सगळ्यांपेक्षा वेगळी होती. इतर ठेकेदार गोदामात एक चक्कर मारून बिळं मोजत आणि बिळामागे आकडा सांगत. आजोबा संध्याकाळी सगळी बिळं चिखलाने बुजवून येत आणि सकाळी जाऊन फक्त उकरलेली मोजत. "बुजलेल्या बिळाचे पैसे घेनं म्हणजे मेलेल्या गिऱ्हाइकाले औषध विकनं," असं म्हणत. वांदरांचा दर ते डोक्यावर लावत नसत, अंतरावर लावत. धरायला फारसं लागत नाही, जिथे सोडल्यावर दुसऱ्या गावाचं शेत खाणार नाहीत तिथपर्यंत न्यायला लागतं. एका सरपंचाने विचारलं, "इतक्या लांब कायले नेता? नदीपल्याड सोडा." ते म्हणाले, "नदीपल्याडचा सरपंच मग मलेच बोलावते. दोन्हीकडून पैसे घेऊ का?" कामाचा खरा खर्च शेवटाला असतो, हे त्यांना पक्कं माहीत होतं. मला नव्हतं.

उंदरांच्या कामाचे चार दिवस असत. उंदीर संशयी प्राणी. नवं खाणं आधी चाखून बघतो आणि बाधलं तर बाकीचे तोंड लावत नाहीत. म्हणून पहिले दोन दिवस ज्वारीचा साधा भरडा तेल लावून ठेवायचा. तिसऱ्या दिवशी तोच, पण विषाची काळी पूड घातलेला. चौथ्या दिवशी उजाडताच मेलेले उंदीर उचलून पुरायचे, बिळं बुजवायची आणि उरलेलं विष दाणा न् दाणा वेचून आणायचं. प्रत्येक दिवसाची मजुरी आणि सामान वेगळं मांडून त्यांचा दर तयार होई. ते बोलत, मी लिहीत असे, कारण पालिकांचा कारभार तेव्हा इंग्रजीत चाले. ते मला मास्तरीनबाई म्हणत, आणि इंग्रजी कागद झाला की त्यावर सही करण्याआधी तो उजेडात धरून बघत. जणू नोट खरी आहे की खोटी ते बघतायत.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी लागोपाठ तीन कामं हातची गेली. एका पालिकेच्या सभेला मीही गेले होते, बाहेर व्हरांड्यात बसून ऐकलं. अध्यक्ष कापसाच्या जिनिंगचे मालक होते. ते म्हणाले, "लोकाइले जवारी भेटून नाही राह्यली, अन् तुम्ही उंदराले दोन दिवस पाहुणचार करता? लोणचं वाढता का संगं?" सगळे हसले. आजोबा म्हणाले, "वाढलं असतं साहेब, पण ते पोटाले बाधते." आणखी हसले आणि काम एकाच ओळीचा दर लिहिणाऱ्या दुसऱ्या ठेकेदाराला दिलं. घरी येताना ते स्वतःच्या विनोदावर एकदाही हसले नाहीत. मला तेव्हा सातवा महिना होता. पोटात तुमचा बाबा होता.

मग एका तालुक्याच्या गावाचं काम निघालं. गावाचं नाव लिहीत नाही, त्या माणसांची नातवंडं तिथे राहतात. दाणाबाजाराचे ओटे आणि त्यामागचं पालिकेचं गोदाम. बिळं मोजून झाली, आजोबांनी आकडे सांगितले, आणि मला दिसलं की हेही काम जाणार. म्हणून मी कागद पुढे घेऊन शांतपणे विचार केला, की यातला कोणता खर्च आपला नाही. पहिले दोन दिवस काढता येत नव्हते. तिसरा तर कामच. राहिला चौथा. ओटे रोज सकाळी पालिकेची बाई झाडतेच, मग तेच झाडायला आपली दोन माणसं कशाला? मी चौथ्या दिवसाची ओळ वगळली आणि खाली एक सुबक इंग्रजी वाक्य लिहिलं. त्याचा अर्थ असा, की शेवटची साफसफाई नगरपालिका आपल्या नोकरवर्गाकडून करून घेईल.

इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण ओळी मोजता येत होत्या.

"चौथा दिवस कुठं गेला?"

"पालिकेकडे दिला. त्यांची माणसं झाडणारच आहेत."

"त्याइची म्हणजे कोन?"

"असेल ना कोणी. झाडणारी बाई आहे."

"तिले माहीत हाय?"

"अहो, कागदावर लिहिलंय. ते कळवतील तिला."

त्यांनी टाक हातात धरला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. मी म्हणाले, "हेही काम गेलं तर बाळंतपणाच्या खर्चाला माझ्या माहेरी हात पसरावा लागेल." हे मी मुद्दाम म्हणाले... त्यांनी सही केली. तो कागद मात्र त्यांनी उजेडात धरला नाही.

काम मिळालं. चौथा दिवस मोकळा झाला म्हणून मी त्या तारखेला मारेगावच्या शाळेतलं मोहोळ उतरवण्याचं काम घेऊन टाकलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी विष ठेवून निघताना आजोबा बाजाराच्या मुन्शीला सांगून आले, की उद्या झाडणाऱ्या बाईला सांगा, दाण्याला हात लावायचा नाही, सगळं पुरायचं. तो हो म्हणाला. ते रातोरात मारेगावला गेले. मुन्शी विसरला.

ओट्यावर सांडलेले दाणे झाडणाऱ्या बाईचे, असा त्या बाजाराचा रिवाज होता. तिच्या तुटपुंज्या पगारात ते धरलेलेच होते. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, म्हणून मला माहीत नव्हतं. बाजारात पाय ठेवणाऱ्या बाकी प्रत्येकाला माहीत होतं. "तिले माहीत हाय?" असं आजोबांनी विचारलं ते त्यासाठी.

तिचं नाव मैनाबाई. नवरा नव्हता, दोन मुली होत्या. तिने ओटे झाडले, केरातले दाणे आणि भरडा सुपात पाखडून घेतला, धुतला, वाळवला, घरच्या मूठभर ज्वारीबरोबर दळला. धाकट्या चंद्रीला भूक आवरेना, म्हणून पहिली भाकर तिला दिली. दुसऱ्या भाकरीचा तुकडा मोडताना मैनाबाईला त्या विषाचा लसणासारखा वास आला आणि तिने ती टाकून दिली. दवाखान्यात नेईपर्यंत चंद्री गेली. ती पाच-सहा वर्षांची असेल. नक्की वय कोणालाच सांगता आलं नाही.

आजोबा मारेगावहून आले ते मधमाश्या चावून चेहरा सुजलेले. मोटारस्टँडवरच त्यांना कळलं. घरी येऊन एवढंच म्हणाले, "चल." तिच्या दारात आम्ही उभे राहिलो. ती उंबऱ्यावर बसलेली होती. थोरली मुलगी आत भिंतीकडे तोंड करून झोपली होती.

"बाई, मी उंदराचा औषधवाला."

"वळखलं," ती म्हणाली. मग, अजिबात आवाज न चढवता, "मले कोनंच काहून नाही सांगतलं? मी बहिरी नाही. दूर राहत नाही. दिवसभर त्या ओट्यावरच तं असतो मी."

तिने माझ्याकडे पाहिलं.

"कितवा?"

"आठवा," मी म्हणाले.

"बसा मंग. उभ्या नका राहू." आणि ती उंबऱ्यावरून सरकली.

मी बसले. माझ्या आयुष्यात मी इतक्या लाजेने कुठे बसले नाही.

आठवड्याने त्या गावच्या पालिकेत चौकशी झाली. मी पुन्हा व्हरांड्यातल्या बाकावर. दार उघडं होतं. हेडक्लार्कने माझं वाक्य आधी इंग्रजीत वाचलं, मग मराठीत समजावलं. तिथले अध्यक्ष म्हणाले, "कागद साफ हाय. ठेकेदाराचा दोष नाही." आजोबा उभे राहिले. "साहेब, चौथा दिवस माझा होता." अध्यक्ष म्हणाले, "कागदात तसं नाही. बसा." ते बसले नाहीत. पुन्हा तेच म्हणाले, "चौथा दिवस माझा होता." तेराव्याच्या त्या नातेवाइकापर्यंत पोचलं ते हेच वाक्य. पंचक्रोशीने ते कबुलीजबाब म्हणून ऐकलं. मग दोष कोणाचा, तर नोकरवर्गाचा, आणि नोकरवर्ग म्हणजे मैनाबाई. बाजारातला दाणा पालिकेचा माल, तो तिने नेला कसा, म्हणून तिलाच कामावरून काढलं. मी उठून आत जायला हवं होतं. चार पावलं होती. मी उठले नाही.

बाहेर पडताना अध्यक्ष आजोबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "घरात शिकेल बाई असली म्हणजे असा फायदा होते, पहा." आजोबांनी तो हात बाजूला केला.

त्यानंतर ते मैनाबाईकडे पैसे घेऊन गेले, तिने घेतले नाहीत. आपल्याकडे कामाला ये म्हणाले, तर म्हणाली, "तुमच्या औषधाले हात लावू मी?" पुढे ती थोरलीला घेऊन भावाच्या गावी गेली. एकदा आजोबा तिथेही जाऊन आले. ती घरात होती, पण बाहेर आली नाही.

पुढच्या कामाचा कागद करायची वेळ आली तेव्हा मी दौत घेऊन बसले. ते म्हणाले, "राहू दे." एवढंच. आणि स्वतः लिहायला बसले, मराठीत, एकेक अक्षर बोराएवढं. पहिलीच ओळ चौथ्या दिवसाची, आणि दराच्या जागी 'काही नाही'. मी विचारलं, फुकट का? म्हणाले, "दर लावला की कापता येते. काही नाहीतून काय कापतीन?" तेव्हापासून कामावर गेलं की बिळं बघायच्या आधी ते झाडणाऱ्या बाईचं घर शोधत आणि तिच्या तोंडावर सांगत. चौथ्या दिवशी स्वतः जात, ताप असला तरी. मराठी कागद कितीतरी ठिकाणी परत आले. साठ सालानंतर, राज्य झाल्यावर, ते घेतले जायला लागले. आम्ही काही वर्षं फार ओढगस्तीत काढली. तुमच्या बाबाला ती आठवत नाहीत.

आम्ही पुढे जवळजवळ साठ वर्षं एका घरात राहिलो, चांगले राहिलो. पण माझं अक्षर त्यांच्या कामात पुन्हा कधी आलं नाही. एकदाच, केस पांढरे झाल्यावर, मी विचारलं, "सभेत तुम्ही माझं नाव का नाही घेतलं?" ते म्हणाले, "सही माझी होती." मग म्हणाले, "अन् तिले माहीत हाय का, हे मीच पुसलं होतं. पुसून मग सही केली." त्यांनी मला माफ केलं होतं की नाही, ते मला सांगता येणार नाही. त्यांनी स्वतःला केलं नव्हतं.

तर सई, हो. एक मुलगी गेली. तिचं नाव चंद्री. औषध आजोबांचं होतं, वाक्य माझं होतं.

गेल्या आठवड्यात त्यांची पेटी लावली. दरांच्या कागदांचे गठ्ठे निघाले, वर्षवार बांधलेले, सगळे त्यांच्या बोराएवढ्या मराठी अक्षरात. ते तुम्हाला वाचता येणार नाहीत. हे लिहिलेलंसुद्धा तुमची आईच तुम्हाला वाचून दाखवेल. सगळ्यात खालच्या गठ्ठ्यात एक इंग्रजी कागद आहे, आमच्याकडे राहिलेली नक्कल, माझ्या हातचा, तीन ओळींचा आणि खाली एक वाक्य. शाई जराही उडालेली नाही. तो तुम्हाला कोणाच्या मदतीशिवाय वाचता येईल. मी तो ठेवला आहे.