निशाणी खुरपं

“मोठ्यानं सांग. कोणाची मिसल?”

“माह्या बापाची.”

“गुन्हा?”

“चोरीचा.”

“असं अर्धं नको. माझा बाप चोर आहे, असं म्हण. आत ऐकू आलं पाहिजे.”

मी म्हटलं. कचेरीच्या पडवीच्या पायरीखाली, उन्हात, डोक्यावर वांग्यांची टोपली घेऊन उभी होते. “माहा बाप चोर हाय,” असं मी दहा माणसांत म्हटलं.

पडवीत रुईचे दलाल बसले होते, पागोटेवाले पाटील बसले होते. ते हसले. कारकून हसला नाही. तो पुण्याकडचा होता. माझ्या बोलण्यानं त्याच्या कानाला खरूज होत असावी असा तो कान खाजवत राहिला. मग म्हणाला, “तुझ्या बापाच्या खटल्याची मिसल सापडत नाही. आठ दिवसांनी ये. वांगी ठेव इथं.”

मी वांगी ठेवली. रिकामी टोपली घेऊन गावाकडं निघाले. अकोल्यापासून आमचं गाव बाळापूरच्या पुढं. सगळी वाट काळ्या मातीची, पायाला चिकटणारी. त्या दिवशी मला रडू आलं नाही. मला लाज वाटली, आणि ती चुकीच्या माणसाला वाटत होती हे कळायला मला पुढच्या तीन खेपा लागल्या.

आम्ही माळी. अख्खं गाव कुणब्यांचं, माळ्याचं घर आमचं एकटंच. विहिरीचा मळा होता. वांगी, मिरची, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर. नवरा मेल्यावर मी बापाकडंच राहत होते. बा पाणी द्यायचा, मी निंदायची आणि बाजार करायची.

त्याच वर्षांत कापसाला सोन्याचं मोल आलं. सातासमुद्रापार अमेरिकेत लढाई जुंपली होती म्हणे, आणि विलायतेच्या गिरण्यांना आमचा कापूस पाहिजे होता. लोकांनी ज्वारी मोडून कापूस पेरला. आमच्या गावच्या पाटलाच्या बैलांच्या शिंगांवर चांदी चढली. ज्याच्या त्याच्या तोंडी रुई, रुई. आणि पाटलाला आमचा मळा पाहिजे झाला.

बा त्याला म्हणाला, “पाटील, कापूस खाऊन पोट भरते काय? मी भाजीच लावीन.”

एवढंच म्हणाला तो. चावडीवर, चार माणसांत. पाटलाला ‘नाही’ ऐकायची सवय नव्हती.

आठवडा गेला असेल नसेल, पाटलाच्या कापसाचं एक गाठोडं आमच्या कडब्याच्या गंजीत सापडलं. फिर्यादी पाटील. चौकशी करणारा पाटील. लिहून घेणारा पटवारी, पाटलाचा उजवा हात. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. बाला एक दिवस चावडीत कोंडलं आणि मग बेडी घालून अकोल्याला नेलं. तिथं साहेबापुढं एक कागद गेला. त्यावर बाची कबुली होती, खाली निशाणीही होती. कबुली आहे म्हटल्यावर साहेबानं दुसरं काही विचारलं नाही. दोन वर्षं सक्तमजुरी. मळा पाटलानं घेतला. वांग्यांची झाडं उपटून त्यानं तिथं सरकी टोचली. मी टोपलीत नेत होते ती वांगी दुसऱ्याच्या मळ्यात निंदून मजुरीत मिळालेली होती.

बा रेल्वेच्या सडकेवर खडी फोडत होता. पहारेकऱ्याला मूठभर मिरच्या दिल्या तेव्हा त्यानं मला जवळ जाऊ दिलं.

“बा, तुमी कबुली काहून दिली?”

“मी?” बानं हातोडा खाली ठेवला. “मले कागद दाखवलाच नाई, पोरी. मी कायची निशाणी करू?”

माझ्या बापाला लिहिता येत नव्हतं, पण खोटं बोलताही येत नव्हतं. मी कचेरीसमोरच्या लिंबाखाली बसणाऱ्या म्हाताऱ्या अर्जनवीसाकडं गेले. तो लोकांचे अर्ज लिहून द्यायचा. तो म्हणाला, “अपील होते, बाई. पण कबुलीची अन् निकालाची नक्कल पायजे. दोन महिन्यांच्या आत. नक्कल नाई त अपील नाई.”

म्हणून मी त्या पडवीखाली जाऊन उभी राहिले होते.

दुसऱ्या खेपेला कारकुनानं तेच केलं. कोणाची मिसल, गुन्हा काय, मोठ्यानं सांग. मी सांगितलं. सापडत नाही म्हणाला. मेथी ठेवून घेतली. माझ्या मागून एक पाटील आला, पायात करकरणारे जोडे. त्यालाही बाळापूरकडचीच एक मिसल पाहिजे होती. कारकून हसून उठला, चपराश्याला म्हणाला, “बाळापूरचा रुमाल काढ.” चपराश्यानं तिसऱ्या फळीवरून एक लाल कापडात बांधलेलं गाठोडं काढलं. फौजदारीचे कागद लाल रुमालात, दिवाणीचे पांढऱ्यात. त्या रुमालाचा एक कोपरा फाटका होता. पाटलाला बसायला घोंगडी दिली, पाणी दिलं. मी उन्हातून पाहत होते.

तिसऱ्या खेपेला पुन्हा तेच. चौथ्या खेपेला मी पडवीपाशी पोचले, कारकुनानं मान वर केली, आणि त्यानं विचारायच्या आधीच माझ्या तोंडून निघालं, “माहा बाप चोर हाय, मालक.”

त्यानं काही विचारलंच नव्हतं.

तो खूश झाला. म्हणाला, “शिकली बघा.”

परत जाताना वाटेत मी थांबले. दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता. मी माझ्या हातानं माझ्या तोंडात मारलं. एकदा नाही, ओठ फुटेपर्यंत. पाटलानं खोटं लिहिलं ते एकदाच, कागदावर. मी तेच खोटं चार वेळा स्वतःच्या जिभेनं बोलले, आणि वर भाजी दिली. कारकुनानं काय केलं होतं हे मला तेव्हा कळलं. त्याला वांगी नको होती. त्याला माझ्याच तोंडून आमची कबुली पाहिजे होती.

पाचव्या खेपेला मी टोपली नेलीच नाही. मुदतीचे चार दिवस उरले होते.

“कोणाची मिसल?”

मी बापाचं नाव सांगितलं, गावाचं सांगितलं.

“गुन्हा?”

“कागदात असंन. वाचा.”

पडवीतले पागोटेवाले माझ्याकडं वळले. कारकून म्हणाला, “गुन्हा सांगितल्याशिवाय मिसल शोधता येत नाही.”

“शोधाची कायले? थो तिसऱ्या फळीवर हाय. लाल रुमाल, कोपरा फाटेल. त्या दिवशी पाटील आले त तुमी उठले. माह्यासाठी चार खेपा जागचे हालले नाई.”

“निघ इथून. चोराची पोर!”

“नाई निघत. अन् चोर म्हणाचं नाई.”

मी पडवीच्या पायरीपुढंच वाट अडवून बसले. येणाऱ्याजाणाऱ्याला माझ्यावरून पाय टाकल्याशिवाय आत जाता येईना, आणि विधवेला ओलांडलं तर अपशकुन होईल या भीतीनं कोणी पाय टाकीना. त्यांचा अपशकुन त्या दिवशी माझ्या कामी आला. गर्दी जमली. मी प्रत्येकाला सांगत होते, तिसरी फळी, लाल रुमाल. चपराशी खाली पाहून मिशीत हसत होता. शेवटी आतून शिरस्तेदार बाहेर आला, कारकुनांचा वरिष्ठ. त्याला साहेब यायच्या आत वाट मोकळी पाहिजे होती. कारकुनावर खेकसला, “देऊन टाका हो तो कागद!”

दिवस कलायच्या आत नक्कल माझ्या हातात पडली. ती मिळायला बोलावं लागलं होतं, पण माझा बाप चोर आहे हे मात्र बोलावं लागलं नाही.

लिंबाखाली म्हातारा अर्जनवीस ती वाचू लागला. मी पाटलाचा कापूस चोरला, गंजीत लपवला, राजीखुशीनं कबूल करतो. खाली बाचं नाव. त्याखाली लिहिलेलं म्हातारा सावकाश वाचत गेला, “निशाणी नांगर.”

“काय?”

“नांगर. अक्षर येत नाई त्याची निशाणी असते ना, बाई. इथं नांगर काढेल हाय.”

मी त्याच्या हातातला कागद ओढून पाहिला. नांगर कुणब्याची निशाणी. आम्ही माळी. माझ्या आज्यानं खुरपं काढलं, बानं खुरपं काढलं. दर वर्षी शेतसाऱ्याच्या कागदावर त्याच पटवाऱ्यानं आमचं खुरपं पाहिलं होतं. पण गावातल्या शंभर कागदांवर नांगर काढायची सवय त्याच्या हाताला. खोटी कबुली लिहिताना त्याला आम्ही कोण हेसुद्धा आठवावंसं वाटलं नाही. आमचं इतकंही मोल नव्हतं की आमच्याबद्दल नीट खोटं लिहावं.

अपील झालं. म्हाताऱ्यानं नांगराची गोष्ट ठळक अक्षरात लिहिली. महिन्याभरानं निकाल आला. साहेबानं नांगराबद्दल एक शब्द काढला नव्हता. कैद्याचं वय पाहून दया, उरलेली शिक्षा माफ.

बाची बेडी कचेरीच्या अंगणात तोडली. घोट्याला हाड दिसत होतं. कारकून पडवीतून म्हणाला, “साहेबांनी दया केली. पाया पडा आणि या पावतीवर निशाणी करा.” आणि बाला न विचारता, मान खाली घालून, त्यानं स्वतःच बोरूनं निशाणी काढली.

नांगर.

मी पडवीची पायरी चढले. त्या कचेरीत पहिल्यांदा. ओल्या शाईवर तळहात ठेवला आणि नांगर पुसून काढला.

बा खालून म्हणाला, “चाल पोरी. सुटलो ना मी.”

“नाई, बा. दया चोरावर करतेत. तुमी चोर म्हणून सुटले.”

बानं माझ्याकडं पाहिलं, मग स्वतःच्या घोट्याकडं पाहिलं. एक एक पाय टाकत तो पायरी चढून आला आणि माझ्या शेजारी बसला. मी फिर्याद लिहायला कोरा कागद मागितला. कारकून देईना, तेव्हा लिंबाखालचा म्हातारा स्वतःचा कागद घेऊन आला. बानं बोरू मुठीत धरला, काठी धरावी तसा वेडावाकडा, आणि कागदाच्या तळाशी खुरपं काढलं. मूठ, पातं, सगळं.

“हे काय चाललंय?” कारकून ओरडला. “कसला कागद? कोणाची मिसल?”

“पाटलाची,” मी म्हणाले. “अन् पटवाऱ्याची. नवीन हाय. लाल रुमालात बांधाची.”

“गुन्हा?”

पडवीत तेच पागोटेवाले बसले होते. दलाल बसले होते. सगळे ऐकत होते. मी उभी राहिले आणि आतपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात गुन्हा सांगितला.