पोहेवाल्या मावशींचा प्रयोग

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी नाशिकच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत होते आणि पीएच.डी.साठी हातगाड्यांवरचं खाणं तपासत होते. नाशिक रोड स्टेशनबाहेर गाड्यांची एक रांग होती. तिथे मी प्रश्नावली घेऊन हिंडायचे. पाणी कुठून आणता, हात कशाने धुता, उरलेल्या अन्नाचं काय करता, असे चाळीस प्रश्न होते त्यात.

रांगेतली तिसरी गाडी पोहेवाल्या मावशींची. पन्नाशीच्या, निफाडकडच्या. पहिल्या पाळीला जाणारे कामगार त्यांच्याकडे उभ्या उभ्या पोहे खाऊन पुढे जायचे. मावशींनी माझ्या चाळीसही प्रश्नांची उत्तरं दिली, पाण्याचा आणि पोह्यांच्या प्लेटचा नमुना घेऊ दिला. मी निघाले तेव्हा म्हणाल्या, "मॅडम, तुमच्या आधी दोघं येऊन गेले. लिहून घेतलं आन् गेले. काय निघालं ते कोणी सांगितलं नाय. तुम्ही येणार का सांगायला?"

"येईन ना," मी म्हटलं. खरं तर असं परत जाऊन सांगायचं असतं, हे मला कोणी शिकवलंच नव्हतं.

आठवड्याभरात निकाल हाती आले. मावशींचं पाणी स्वच्छ होतं. पिंपाला त्यांनी तोटी बसवून घेतली होती, त्यात कुणाचा हात जात नसे. पण प्लेटवर मात्र जंतूंची दाटी होती. कारण मला उमगेना. हे त्यांच्या तोंडावर कसं सांगायचं, म्हणून दोन आठवडे मी त्या बाजूला फिरकलेच नाही. शेवटी एका दुपारी, गाडीवर गिऱ्हाईक नसताना, गेले आणि सगळं सांगून टाकलं.

मावशी रागावल्या नाहीत. त्यांनी गाडीवरच्या एकेक वस्तूवरून नजर फिरवली. मग कोपऱ्यातलं ओलं फडकं उचलून माझ्यासमोर धरलं. "तुम्ही पाण्याचं विचारलं, हाताचं विचारलं. ह्याचं नाय विचारलं. धुतलेली प्लेट मी ह्यानंच पुसते, आन् हातबी ह्यानंच. हे घेऊन जा."

माझ्या चाळीस प्रश्नांत फडकं नव्हतं. माझ्या मार्गदर्शकांनाही ते सुचलं नव्हतं.

फडक्याचा नमुना जंतू वाढवायच्या काचेच्या बशीत लावला. दुसऱ्या दिवशी बशी पांढुरक्या ठिपक्यांनी गच्च भरली होती; प्रत्येक ठिपका म्हणजे जंतूंचा एक पुंजका. ती नीट बंद करून मी मावशींना दाखवायला नेली. त्यांनी ती उन्हात धरून बराच वेळ पाहिली. "गुरुवारी दुपारी या," म्हणाल्या. "मी सगळ्यांना बोलावते."

गुरुवारी रांगेतले दहा-बारा गाडीवाले जमले होते. बशी समोर ठेवून, कागद काढून मी सुरुवात केली. जिवाणू, संसर्ग, तापमान. पाच मिनिटांत वडापाववाले काका घड्याळ बघू लागले, भेळवाले काका उठून उभे राहिले.

"थांबा हो जरा," मावशी म्हणाल्या. त्यांनी एका स्वच्छ ओल्या फडक्यावर मूठभर हळद टाकली, ते चुरगळलं आणि भेळवाल्यांच्या हातात दिलं. "रोजच्यासारखं काम करा."

भेळवाल्यांनी हसत हसत प्लेट पुसल्या, सुरी पुसली, कांदा चिरला, लिंबू पिळलं आणि भेळेची प्लेट वडापाववाल्यांच्या हाती दिली. पांढऱ्या प्लेटवर पिवळे पट्टे उठले होते. कांदा पिवळा, लिंबू पिवळं. वडापाववाल्यांनी स्वतःचा तळवा उलटा करून पाहिला, तोही पिवळा.

"ही हळद हाय म्हणून दिसती," मावशी म्हणाल्या. "मॅडमच्या बशीत जे उगवलं, ते फडक्यावर दिसत नाय, एवढाच फरक."

इतकी वर्षं जे मी फळ्यावर आकृत्या काढून शिकवत होते, ते या बाईंनी मूठभर हळदीने करून दाखवलं होतं. मी कागद घडी करून पर्समध्ये ठेवले आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

दुसऱ्या दिवसापासून मावशींनी प्लेट पुसणं बंद केलं. धुतलेल्या प्लेट जाळीच्या टोपलीत उभ्या करून उन्हात वाळवायला ठेवल्या. महिन्याभरात बहुतेक गाड्यांवर तशा टोपल्या आल्या. दोघांनी मात्र शेवटपर्यंत ऐकलं नाही. मी पुन्हा नमुने घेतले, तेव्हा मावशींच्या प्लेटच्या नमुन्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच ठिपके उगवले.

पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "फडकं तपासायची कल्पना छान आहे. कुठून सुचली?"

"मला नाही सुचली, सर. ज्यांच्यावर संशोधन करत होते, त्यांना सुचली."

ते म्हणाले, "मग प्रबंधात तसं लिहा." मी लिहिलं.

पुढे रस्ता रुंद झाला, रांग उठली. मावशींनी जवळच्याच एका वसाहतीच्या कोपऱ्यावर गाडी लावली. दरवर्षी मी नव्या विद्यार्थ्यांना घेऊन तिकडे जाऊ लागले. कोऱ्या वह्या घेऊन मुलं गाडीभोवती उभी राहायची, मावशी बोलायच्या आणि मी मागे उभी राहून मुलांसारखंच लिहून घ्यायचे. एकदा एका मुलीने विचारलं, "मावशी, आम्ही तुम्हाला काय विचारायला पाहिजे?"

मावशी म्हणाल्या, "आधी दोन तास हितं उभं राहून बघ. मग विचार."

ती मुलगी राहिली उभी. तिच्याबरोबर मीही राहिले.