नानांची मेकफाईल

दिगंबरनाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी जळगावात, ऑफिसच्या जिन्यात होतो. पहिला विचार मनात काय आला, ते सांगायची लाज वाटते... आता माफी कुणाकडे मागायची?

नाना धुळ्याच्या एका तंत्रनिकेतनात प्रयोगशाळा साहाय्यक होते. निवृत्तीनंतर पारोळ्याला राहायचे. मराठी मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा एक मुक्त, म्हणजे कुणालाही फुकट घेऊन बदलता येणारा प्रोग्राम होता, पण तो लिनक्सवरच चालायचा आणि धुळ्याच्या अंधशाळेतले संगणक होते विंडोजचे. तो विंडोजवर आणायचं काम आम्ही पाच-सहा जणांनी अंगावर घेतलं. त्यात नाना सगळ्यांत वडील, मी सगळ्यांत तोंडाळ. कोडपासून चालता प्रोग्राम बांधायला एक साधन निवडावं लागतं. नाना म्हणायचे, जुनं मेकच बरं, काय कुठे जोडलंय ते डोळ्यांना दिसतं. मला नवं सीमेक हवं होतं.

"नाना, जग पुढे गेलं हो!"

"जाऊ दे ना भो," ते हसायचे, "आपल्याला धुळ्यापर्यंतच जायचं शे."

महिनाभर खपून त्यांनी मेकफाईल, म्हणजे मेकने काय कसं जोडायचं त्याची यादी, लिहिली. मी ती माझ्या विंडोजवर चालवली आणि ती सुरुवातीलाच आडवी पडली. पुन्हा एकदा बघावं, त्यांना एक फोन करावा... छे! उचलली जीभ लावली टाळ्याला. सगळ्यांच्या ग्रुपवर लिहून मोकळा झालो, "नानांचं साधन म्हातारं झालंय, आता त्याला विश्रांती द्या." नानांचं उत्तर आलं, "ठीक आहे." त्यानंतर ते ग्रुपवर कधी बोलले नाहीत. सीमेकवर आमचं काम रखडतच गेलं आणि शाळेची मुलं वाट बघत राहिली. आपण वंगाळ बोललो हे मला कळत होतं, पण फोन लावायला हात धजेना. असे चार महिने गेले आणि नानाही गेले.

तेराव्यानंतर त्यांच्या पत्नीने, अक्कांनी, मला बोलावून घेतलं. "संगणकमा काय शे ते पाही ल्या, भाऊ." मेकफाईलशेजारी सूचनांची एक फाईल होती. ती मलाही पाठवलेली होती, मी उघडलीच नव्हती. पहिलीच सूचना, फोल्डरच्या नावात मोकळी जागा ठेवू नये, मेकला चालत नाही. आणि मी शहाण्याने काय केलं होतं? आपल्याकडच्या सवयीने, मान म्हणून, त्यांची मेकफाईल ठेवलेल्या माझ्या फोल्डरवर त्यांचं नाव-गाव सुटंसुटं लिहिलं होतं, "दिगंबर नाना पारोळा".

माझा लॅपटॉप सोबत होता. तिथेच बसून नाव बदललं आणि पुन्हा चालवलं. एका दमात प्रोग्राम बांधला गेला आणि मराठी वाचू लागला. मला रडू आवरेना.

अक्का दारात उभ्या होत्या. "त्यासनं चुकनं व्हतं का, भाऊ?"

"नाही अक्का. माझं चुकलं."

त्या आत येऊन माझ्याशेजारी बसल्या. मग म्हणाल्या, "त्यासले सांगाले पाह्यजे व्हतं... तुमना फोन येस का, रोज पाहेत ते."