खंडेनवमीची दुनळी

शेजारच्या मळ्यात भरदिवसा चोर शिरले आणि तिथल्या म्हातारीला खाटेला बांधून गेले, तेव्हापासून आमच्या घरात भीती मुक्कामालाच आली. एरंडोलच्या बाहेर आमचं घर, चारी बाजूंनी केळी; हाक मारली तरी ऐकायला केळीच. नवऱ्याने खटपट करून बंदुकीचा परवाना मिळवला. कॉलेजात असताना कधीतरी चार गोळ्या झाडल्या होत्या, तेवढ्या जोरावर रविवारी नेमबाजीला जायचे बेतही सुरू झाले. मला चोरांची भीती होतीच, आता बंदुकीचीही वाटू लागली. आगीतून फुफाट्यात!

धुळ्याच्या दुकानात हा माणूस मुलगी बघायला आल्यासारखा बंदुका बघत बसला. एकनळी नको, दुनळीच हवी. त्यातही लांब नळीची, कारण ती रुबाबदार.

"घरात वळवणार कुठे ती? दारातच अडकेल," मी म्हणाले.

दुकानदार हसला आणि एक आखूड दुनळी त्याने माझ्याच पुढे धरली. "घ्या वहिनी, तुम्हालाही कळायला हवं. हात लावला की आधी उघडायची."

मी ती दोन्ही हातांनी धरली. त्याने खटका दाखवला, बंदूक मधून वाकली आणि दोन्ही नळ्यांतून बाहेरचा रस्ता दिसला.

"उजेड दिसला तरच रिकामी. कुणी कितीही सांगितलं तरी आपल्या डोळ्यांनी बघायचं."

तीच दुनळी घेतली. घरी बंदूक एका कपाटात, काडतुसं दुसऱ्यात. किल्ल्या कुठे असतात ते नवऱ्याला, मला आणि सासऱ्यांना, म्हणजे आबांना, माहीत.

खंडेनवमीला आमच्याकडे विळे, कोयते, मोटारीचे पाने पाटावर मांडतात. यंदा आबांनी हौसेने बंदूकही मांडली. तिला झेंडूची माळ घातली, नळ्यांच्या तोंडांना ओलं कुंकू लावलं. आरती झाली. माझी आठ वर्षांची लेक पुढे गेली, वाकली, डोकं टेकवून उठली आणि तिथेच बसून म्हणाली, "आई, माझा फोटो काढ ना."

नळी तिच्याकडेच होती. "आधी बाजूला हो," मी खेकसले. बंदूक उचलली, भिंतीकडे वळवली आणि सवयीने उघडली.

उजेड दिसला नाही. दोन्ही नळ्यांत काडतुसं होती.

मी उघडी बंदूक तशीच सगळ्यांपुढे धरली. आबांनी माझ्याकडे पाहिलं आणि अगदी सरळ मनाने सांगितलं, "मीच भरी ठेवी माय. रिकामी वस्तू देवना म्होरे कोनी ठेवस का?"

खरंच होतं ते. आमच्यात रिकामा कलश मांडत नाहीत, रिकामं सूपही देवापुढे ठेवत नाहीत. मी त्यांच्यावर काय ओरडणार? काडतुसं काढून नवऱ्याच्या हातात दिली आणि लेकीला जवळ ओढलं.

तिच्या कपाळावर, शेजारी शेजारी, कुंकवाचे दोन गोल उमटले होते.